उपाशी पोट आणि खरकट्याची बादली

परीक्षेचे दिवस जवळ आले की दवाखान्यात विद्यार्थ्यांची गर्दी वाढते. डोके दुखते, चक्कर येते, छातीत जळजळते, वाचलेले लक्षात राहत नाही, अशा तक्रारी असतात. दोन वर्षांपूर्वी असाच एक मुलगा माझ्याकडे आला. कोरडवाहू भागातला, वय वीस, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, शहरात तिघे मिळून कॉट बेसिसवर राहणारा. पित्ताचा त्रास होतो म्हणाला. मी पोट तपासले, रक्तदाब पाहिला, पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या आणि "जागरण कमी कर, तिखट खाऊ नकोस" असे सांगून पुढच्या रुग्णाला हाक मारली. पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला. मी गोळी बदलली.

तिसऱ्यांदा आला तेव्हा बाहेरच्या बाकावरच डोळ्यांपुढे अंधारी येऊन तो कलंडला. आमचे कंपाउंडर जुने आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी त्याला आडवे केले, पाय उंच ठेवले आणि तो सावरल्यावर विचारले, "बाळा, काल रात्री काय जेवलास?"

मुलगा गप्प. मग हळूच म्हणाला, "काका, रात्रीचं नसतं आमचं. डबा एकच वेळचा लावलाय. तोही दोघांत."

जो प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता, तो काकांनी विचारला. पंचवीस वर्षांहून अधिक काळ व्यवसाय करूनही मी दोन वेळा त्या मुलाच्या भुकेवर पित्ताची गोळी दिली होती. तिचे पैसेही त्याने डब्यातूनच वाचवले असणार.

त्याच आठवड्यात मी एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात आरोग्य तपासणीसाठी गेलो होतो. दुपारची जेवणे नुकतीच आटोपली होती. मेसच्या मागच्या दाराशी खरकट्याच्या बादल्या भरून ठेवल्या होत्या. अर्ध्या टाकलेल्या पोळ्या, भाताचे ढीग, बोटही न लावलेली भाजी. हे वसतिगृह आणि त्या मुलाची खोली यांत पाच मिनिटांचेही अंतर नाही. आजचा लेख त्या अंतराविषयी आहे.

भूक सांगितली जात नाही

लहान मूल भूक लागली की रडते. वीस वर्षांचा मुलगा रडत नाही, तो लपवतो. घरी फोनवर "जेवलो" म्हणून सांगतो, कारण आईने कर्ज काढून प्रवेश घेतलेला असतो. मित्रांना "आज उपवास आहे" म्हणतो. मुली तर "डाएट चालू आहे" असेही सांगतात. डॉक्टरांना पित्त, डोकेदुखी, अशक्तपणा, केस गळणे ही नावे सांगितली जातात. भूक हे नाव कोणी सांगत नाही.

म्हणून ती ओळखावी लागते. एकच डबा दोघांत खाणारे, सकाळी चहा-बिस्किटावर आणि रात्री वडापाववर भागवणारे, गावाकडून आलेल्या भाकरी आणि चटणी चार दिवस पुरवणारे, महिनाअखेरीस मेसला न दिसणारे विद्यार्थी आपल्या प्रत्येक शहरात आहेत. महाविद्यालयांत आहेत, तसेच स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांतही आहेत. त्यातून रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो हॉटेलात जातो, ज्याच्या नाहीत तो पाणी पिऊन झोपतो.

थोडा हिशेब करू

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली आहाराची सुधारित प्रमाणे दिली आहेत. त्यानुसार बैठे काम करणाऱ्या प्रौढ पुरुषास दिवसाला साधारण २,११० आणि स्त्रीस १,६६० किलोकॅलरी लागतात. चालणे-फिरणे, कष्ट असतील तर याहून जास्त. प्रथिने शरीराच्या दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ५५ किलोच्या मुलास सुमारे ४६ ग्रॅम.

आता त्या मुलाचा दिवस पाहा. डब्यात चार पोळ्या, भाजी, वरण आणि भात. त्याचा अर्धा वाटा म्हणजे ढोबळ मानाने साडेचारशे किलोकॅलरी. एक वडापाव तीनशेच्या आसपास. दोन कप गोड चहाचे शंभर-सव्वाशे. बेरीज नऊशेच्या आतच राहते. गरजेच्या निम्म्याहूनही कमी. प्रथिनांचा हिशेब तर याहून वाईट, कारण वरण पातळ असते आणि वडापावात मुख्यतः बटाटा व मैदा असतो. असे दोन-चार दिवस गेले तर शरीर सांभाळून घेते. सहा महिने गेले तर घेत नाही.

शरीरात काय होते?

आपल्या मेंदूचे वजन शरीराच्या अवघे दोन टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शरीर जी ऊर्जा वापरते तिच्यापैकी सुमारे वीस टक्के एकटा मेंदू घेतो. उपाशी पोटी अभ्यासाला बसलेल्या मुलाचे लक्ष उडते, चिडचिड होते, तेच पान तीनदा वाचावे लागते. याला आळस म्हणू नये.

ज्यांना अर्धशिशी आहे त्यांची डोकेदुखी जेवण चुकल्याने उफाळते. मग रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळी घेतली जाते आणि जठराला इजा होते. पोटात अन्न नाही आणि वरून चार-पाच चहा, म्हणजे जळजळ आलीच. पित्ताची तक्रार बरेचदा इथून सुरू होते.

मुलींच्या बाबतीत रक्त कमी होण्याचा धोका मोठा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे दर दोघींपैकी एकीहून अधिक. त्यात वसतिगृहात जेवण तुटपुंजे झाले, वजन उतरले, की पाळीही अनियमित होते. जिना चढताना धाप लागते, छाती धडधडते. मुलगी मात्र म्हणते, "परीक्षेचं टेन्शन आहे."

आणि सर्वांत गंभीर गोष्ट क्षयरोगाची. कुपोषण हे आपल्या देशात क्षयरोग होण्याचे एक प्रमुख कारण आहे. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात एक मोठा अभ्यास झाला, तो २०२३ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काही क्षयरुग्णांच्या घरातील इतर माणसांनाही दरमहा शिधा देण्यात आला. ज्या घरांत फक्त रुग्णालाच शिधा मिळाला, त्यांच्या तुलनेत या घरांत नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळले. कोणतेही नवे औषध नव्हते, फक्त पुरेसे अन्न. आता एका खोलीत चार-चार जण, खिडकी एक, जेवण अर्धे, अशी स्थिती डोळ्यांपुढे आणा. मी काय म्हणतो ते लक्षात येईल.

मग अन्न वाया का जाते?

पुष्कळ लोक म्हणतात, मुले माजली आहेत, ताटात टाकतात. हे अर्धेच खरे आहे. मेस चालवणाऱ्या मावशींशी बोललो तेव्हा दुसरी बाजू कळली.

पहिले कारण खाड्यांचे. बहुतेक ठिकाणी नियम असा की सलग तीन-चार दिवस आधी सांगून गेलात तरच खाडा धरला जाईल, एरवी पैसे पूर्ण. साहजिकच एखाद्या वेळी न जेवणारा मुलगा कळवत नाही. कळवून त्याला काही मिळत नाही. मावशींना मात्र शंभर जणांचा स्वयंपाक करावाच लागतो, आणि जेवायला येतात ऐंशी. सण, परीक्षा संपल्याचा दिवस, शनिवार-रविवार, क्रिकेटचा सामना, अशा वेळी तर अंदाज पार चुकतो.

दुसरे कारण वाढण्याचे. गर्दीच्या वेळी वाढणारा न विचारता भाताची मूद आणि भाजीची पळी टाकून मोकळा होतो. तिसरे कारण, पोळ्या दोन तास आधी लाटून ठेवल्याने चिवट होतात आणि एकच भाजी आठवड्यात चारदा येते. चौथे, मुलाला वाटते की पैसे तर भरलेच आहेत, मग घेऊन टाकले तर काय बिघडले?

बिघडते ते असे. दोनशे मुलांच्या मेसमध्ये प्रत्येकाने अर्धी पोळी आणि दोन चमचे भात-भाजी, म्हणजे समजा सत्तर ग्रॅम टाकले, तर एका वेळी १४ किलो होतात. दोन वेळचे २८. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ७०० किलो. हे फक्त ताटातले, पातेल्यात उरलेले वेगळे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले. आकडा इतका मोठा की तो आपल्याशी संबंधित वाटत नाही. मेसमागची बादली मात्र आपलीच आहे.

या वाया गेलेल्या शिध्याचे पैसे कोण भरतो? मेसचा दर ठरवताना हे नुकसान त्यात धरलेलेच असते. म्हणजे वाया जाण्यामुळे दर वाढतो, दर वाढल्यामुळे गरीब मुलगा दोन वेळची मेस सोडून एक वेळची लावतो, आणि पुढे तीही दोघांत वाटून घेतो. बादली आणि भूक यांचा संबंध हा असा आहे.

उरलेले सगळेच देण्याजोगे नसते

इथे डॉक्टर म्हणून एक इशारा देणे आवश्यक आहे. "उरलेले गरीब मुलांना देऊन टाका" असे म्हणणे सोपे आहे, पण ते धोक्याचेही आहे आणि अपमानाचेही. ताटात उरलेले अन्न कोणालाही देऊ नये. पातेल्यात उरलेले, कोणाचा हात न लागलेले अन्नच देण्याचा विचार करावा, तोही वेळेत.

शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सियस या दरम्यान राहिले की त्यात जंतू झपाट्याने वाढतात. आपल्याकडील उन्हाळ्यात तर स्वयंपाकघरच चाळीस अंशांवर असते. म्हणून अन्न एकतर वाफाळते गरम ठेवावे नाहीतर फ्रिजमध्ये ठेवावे, आणि बाहेर राहिलेले दोन तासांच्या आत संपवावे. भाताची विशेष काळजी घ्यावी. बॅसिलस सेरियस नावाचा जंतू भातात वाढतो आणि त्याने तयार केलेले एक विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. सकाळी अकराला आलेला डबा अर्धा खाऊन उरलेला रात्री नऊला खाणाऱ्या मुलांना उलट्या-जुलाब का होतात, याचे हे एक कारण. डबा पुरवून खायचाच असेल तर भात, वरण, पातळ भाजी आधी संपवावी. रात्रीसाठी पोळी किंवा भाकरी, कोरडी चटणी आणि शेंगदाणे ठेवावेत.

उरलेले अन्न गोळा करून वाटण्यासाठी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१९ साली स्वतंत्र नियम केले आहेत. संस्थांनी असे काम हाती घेताना ते पाहून घ्यावेत.

तरीही माझे म्हणणे असे की उरलेले वाटणे हा दुय्यम उपाय आहे. मुख्य उपाय म्हणजे ते उरूच नये, आणि वाचलेल्या शिध्यातून उपाशी मुलाला सर्वांबरोबर, त्याच पंगतीत, गरम ताट मिळावे.

काय करता येईल?

मेसमध्ये एक खाडा-वही ठेवावी किंवा हल्ली सर्वांकडे मोबाइल आहे, त्यावर कळवण्याची सोय करावी. आदल्या रात्रीपर्यंत "उद्या येणार नाही" असे सांगणाऱ्याला एका वेळेचाही खाडा द्यावा, निदान निम्मा तरी. मावशींना नेमकी संख्या कळेल आणि मुलाचे पैसे वाचतील. ज्याला आपला खाडा नको असेल त्याला तो 'सामायिक ताटा'साठी देता यावा. त्या खात्यावर जमलेल्या ताटांची कुपने प्राचार्य किंवा एखाद्या समजूतदार शिक्षिकेकडे असावीत. कुपन इतरांच्या पासासारखेच दिसावे. कोणाचे ताट कोणी भरले हे पंगतीत कळता कामा नये.

वाढताना आधी अर्धे वाढावे, पाहिजे तितक्या वेळा पुन्हा द्यावे. पोळ्या टप्प्याटप्प्याने भाजाव्यात. बादलीचे वजन रोज करून फळ्यावर लिहावे. कोणाला बोल लावण्याची गरज नाही, आकडा पुरेसा असतो. ज्या भाजीच्या दिवशी बादली जड, ती भाजी बदलावी.

प्राध्यापकांनी पहिल्या तासाला पेंगणाऱ्या, वारंवार चक्कर येणाऱ्या मुलाला रागावण्यापूर्वी बाजूला घेऊन जेवणाचे विचारावे. शिष्यवृत्ती व निर्वाह भत्त्याचे अर्ज भरून घेण्यास मदत करावी. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी समाजकल्याणची 'स्वाधार', आदिवासी मुलांसाठी 'स्वयं', तसेच डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. यांची माहिती अनेकांना दुसऱ्या वर्षी कळते. शिवाय पैसे मंजूर होणे आणि ताटात अन्न पडणे यांत दिवस जातात. २०१८ साली आदिवासी वसतिगृहांत जेवणाऐवजी त्याचे पैसे खात्यात देण्याचे धोरण आले, तेव्हा विद्यार्थी त्याविरुद्ध पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते. भूक हप्त्याची वाट पाहत नाही. त्या मधल्या दिवसांसाठी सामायिक ताट हवे.

पालकांनी "जेवलास का?" असे विचारू नये, त्याचे उत्तर "हो" असेच येते. "आज काय जेवलास?" असे विचारावे. डब्यातून पाठवायचे असेल तर फरसाण आणि बिस्किटांपेक्षा भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, शेंगदाण्याचे लाडू, सातूचे पीठ पाठवावे. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून सुमारे सात ग्रॅम प्रथिने मिळतात, जवळपास एका अंड्याइतकी.

विद्यार्थ्यांनी चहा जेवणाबरोबर घेऊ नये, त्याने अन्नातील लोह नीट शोषले जात नाही. एक तास तरी अंतर ठेवावे. उलट जेवणात लिंबू पिळावे, त्याने लोह शोषण्यास मदत होते. मोड आलेली मटकी किंवा मूग खोलीवरही करता येतात. उंचीच्या मानाने वजन पाहावे. १६५ सेंटिमीटर उंचीच्या मुलाचे वजन ५० किलोच्या आणि १५५ सेंटिमीटरच्या मुलीचे ४४ किलोच्या खाली असेल तर ते कमी आहे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळी ताप, रात्री घाम, वजन उतरणे, शौचास काळी होणे, जिना चढताना धाप लागणे, यांपैकी काहीही असल्यास औषधाच्या दुकानातून गोळी न घेता सरकारी रुग्णालयात दाखवावे. हिमोग्लोबिन आणि थुंकीची तपासणी तेथे होते.

ही लाज कोणाची?

शिकणाऱ्या मुलाला जेवू घालणे आपल्याला नवीन नाही. एके काळी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्यात माया होती, पण जातीची बंधनेही होती आणि मिंधेपणाही होता. पुढे राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसली. त्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. मुलाने पोटासाठी दारोदार जाऊ नये, ताट त्याच्यासाठी वाढलेले असावे, हा त्यामागचा विचार होता. आज आपल्याला कोणाला दागिने मोडायचे नाहीत. बादलीत जाणारे तेवढे थांबवायचे आहे.

असो. त्या मुलाला मी नंतर पित्ताची गोळी दिली नाही. काकांनी ओळखीच्या मेसवाल्या मावशींना गाठले. रात्री वाढायला मदत करायची आणि तिथेच जेवायचे, असे ठरले. दोन महिन्यांत त्याचे वजन साडेतीन किलोने वाढले, चक्कर थांबली. त्याच्या जोडीदाराच्या वाट्याला पूर्ण डबा आला, त्याचीही डोकेदुखी गेली. एका ताटाने दोन रुग्ण बरे झाले.

तेव्हापासून माझ्या टेबलावर केसपेपरच्या पहिल्या ओळीला मी एक प्रश्न लिहून ठेवला आहे. विद्यार्थी आला की नाडीला हात लावण्याआधी तो विचारतो. वाचकांपैकी जे शिक्षक आहेत, घरमालक आहेत, मेस चालवतात, अभ्यासिका चालवतात, त्यांनीही विचारून पाहावा. "बाळा, काल रात्री काय जेवलास?" उत्तर यायला थोडा वेळ लागतो. तेवढे थांबावे.